जपानी गोळीचं भोक

"दौंडचे निघाले," नकुशीआत्यांचा फोन आला तेव्हा राजश्री पुऱ्यांची कणीक तिंबत होती. फोन कान आणि खांद्यात धरून तिने विचारलं, "निघाले म्हणजे माणसंच, की छत्रीपण?"

"दोन्ही. मी महेंद्रच्या गाडीत मागं बसलेय आन् छत्री डिकीत हाय. पर म्हाळू म्हणतो, भिमाजी सोता बाहेर येऊन ये म्हणाल्याबिगर मी छत्री काढणार न्हाई."

"आणि आबांनी सकाळीच सांगून ठेवलंय, छत्री गाडीतून निघाल्याशिवाय मी ये म्हणणार नाही."

"ठाऊक हाय. तू कणीक मळ," असं म्हणून आत्यांनी फोन ठेवला.

कारेगावच्या घरात आज राजश्रीच्या नातीचं, म्हणजे तिची लेक करुणा हिच्या मुलीचं, नामकरण होतं. आबा म्हणजे राजश्रीचे सासरे भिमाजी, आणि दौंडचे म्हाळूआप्पा त्यांचे धाकटे भाऊ. वडील कोंडिबा गेल्यावर वाटणी झाली, तेव्हापासून बत्तीस वर्षं दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. अर्थात बोलत नव्हते असं म्हणणं तंतोतंत खरं नाही. ते नकुशीआत्यांमार्फत बोलत. चौथी मुलगी म्हणून जिचं नाव नकुशी ठेवलं, त्या बहिणीवाचून पुढं दोन्ही घरांचं पान हलेना. आत्यांना दिलं होतं न्हावऱ्याला, म्हणजे भांडणाच्या बरोबर मधोमध. इकडचं तिकडं पोचवताना त्या पदरचं थोडं घालत आणि थोडं काढून ठेवत. त्यामुळं कोण नेमकं काय म्हणालं होतं, हे दोन्ही घरांत कुणालाच सांगता आलं नसतं.

वाटणीला होतं काय, तर थोडी कोरडवाहू जमीन, विहिरीतली पाळी आणि एक तांबडी पॅराशूट, घरच्या भाषेत छत्री. जमिनीवरून दोघे भाऊ एका शब्दानं भांडले नाहीत. भांडण झालं ते पॅराशूटवरून.

कोंडिबा मोठ्या लढाईत छत्रीधारी पलटणीत होते. ते तिथं कसे पोचले, हे ते स्वतःच हसत सांगत. साहेबानं परेडवर विचारलं, विमानातून उडी कोण मारणार त्यानं एक पाऊल पुढं या. कोंडिबांच्या मागच्याला त्याच वेळी जोरात शिंक आली, त्याचं डोकं यांच्या पाठीवर आदळलं आणि कोंडिबा एक पाऊल पुढं गेले. मग चकलाल्याला उड्यांचं शिक्षण झालं, छातीवर पंखाचा बिल्ला लागला, आणि पलटण लढाईला निघाली ती मणिपूरच्या डोंगरात, पायी. लढाईत कोंडिबांनी एकही उडी मारली नाही. एका टेकडीवरच्या गावात जपान्यांनी पलटणीला चारी बाजूंनी घेरलं. पाणी संपलं, दारूगोळा संपत आला. वरून विमानांनी छत्र्यांना बांधून सामान टाकलं, तर वाऱ्यानं त्यातलं बरंचसं जपान्यांच्या पदरात गेलं. "आमची डाळ जपान्यांनी खाल्ली आन् वर आमच्यावरच गोळ्या झाडल्या," असं कोंडिबा म्हणत. एकच तांबडी छत्री सरळ त्यांच्या खंदकावर उतरली. टेकडी सोडायचा हुकूम आला, तेव्हा त्यांनी ती पोटाला गुंडाळली आणि जंगलातून चालत बाहेर पडले. चालत गेले, चालत आले. तरी गावानं या घराला नाव पाडलं छत्रीवाले. रांजणगावची एमआयडीसी झाल्यावर बाहेरून आलेले कामगार ते नाव ऐकून पावसाळ्यात मोडक्या छत्र्या घेऊन दारात येऊ लागले, "चाचा, छाता बनाते हो क्या?" पहिल्या वर्षी आबांनी त्यांना पलटणीचा सगळा इतिहास सांगितला. दुसऱ्या वर्षापासून ते मुकाट्यानं काड्या बदलून देऊ लागले.

तर त्या तांबड्या कापडाची झोळी झाली आणि घरातलं प्रत्येक मूल तिच्यात झोपलं. कापडाच्या ऐन मध्यावर एक गोल भोक होतं. ते जपानी गोळीचं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, जसं सूर्य कुठून उगवतो ते माहीत असतं. वाटणीच्या दिवशी दोघा भावांना तोच गोळीचा भाग हवा होता. पंच दमले आणि त्यांनी कापड भोकातून आडवं फाडलं. अर्धी छत्री शिरूर तालुक्यात राहिली, अर्धी दौंडला गेली, आणि दोघांच्या वाट्याला अर्धं अर्धं भोक आलं.

राजश्री या घरात आली ती फिजिक्सची एम. एस्सी. होऊन. त्या पदवीचा सासरी पहिला उपयोग असा झाला, की आबांनी तिला आपल्या वाट्याचं भोक मोजायला लावलं. तिने दोरा लावला, पट्टी लावली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "हे अर्ध्या वर्तुळापेक्षा कमी भरतंय आबा. म्हणजे दौंडकडे जास्त गेलंय." पुढं कितीतरी दिवस आबा तिच्याशी कामापुरतंच बोलले. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण नव्या नवरीला विज्ञान गप्प बसू देईना. तिने प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांना दोरे बांधले, एकीला मध्ये भोक पाडलं आणि गच्चीवरून दोन्ही सोडून दाखवल्या. बिनभोकाची हेलकावे खात तिरकी गेली, भोकाची सरळ उतरली. "हवेला वरून वाट लागते. म्हणून प्रत्येक पॅराशूटला असं भोक ठेवलेलंच असतं. ते गोळीचं नाही." सगळ्यांनी कौतुकानं बघितलं. आबांनी विचारलं, "मग जपान्यानं काय केलं?" आणि सासूबाईंनी चहा टाकायला सांगितला. त्यानंतर राजश्रीने शिरूरच्या ज्युनिअर कॉलेजात हजारो मुलांना हवेचा रोध शिकवला. घरात तो विषय काढला नाही.

आज मात्र तो विषय स्वतःच्या पायांनी घरी येत होता. कोंडिबांच्या पलटणीतून एक हवालदार यायचा होता. पलटण आपल्या स्मृतिदालनासाठी जुन्या वस्तू जमवत होती. सतीशनं, म्हणजे राजश्रीच्या नवऱ्यानं, त्यांच्या इंटरनेटवरच्या पानावर आजोबांबद्दल लिहिलं आणि लगेच उत्तर आलं. छत्री अख्खी असेल तर बघायला माणूस पाठवतो. अख्खी. त्या एका शब्दासाठी नकुशीआत्यांनी महिनाभर न्हावऱ्याहून फोन केले होते.

आबांना काय हवं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. वय झालं होतं. दोन्ही तुकडे एकदा जोडलेले बघायचे, त्यात पणतीला घालायचं, आणि बापाच्या पलटणीच्या माणसासमोर त्या भोकावर बोट ठेवून सांगायचं, हे बघा. राजश्रीला दिसत होतं ते पुढचं. हवालदार ते भोक बघणार आणि भावकीच्या देखत म्हणणार, हे तर प्रत्येक छत्रीला असतं. दोन्ही घरांत बत्तीस वर्षं एकाच गोष्टीवर एकमत होतं, आणि तीच गोष्ट खोटी होती.

गाडी आली. महेंद्रनं हॉर्न दिला. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते ते उठले नाहीत. म्हाळूआप्पा पुढच्या सीटवर बसले होते ते उतरले नाहीत. काच मात्र खाली केली.

"जय भीम वहिनी," महेंद्र राजश्रीकडे बघून म्हणाला. आप्पांचा हा मुलगा दौंडला रेल्वेत गार्ड होता आणि हिरवा सिग्नल मिळेपर्यंत न हलायची त्याला सवय होती. "सिग्नल न्हाई वाटतं अजून?"

"उतरा आप्पा, चहा झालाय," राजश्री म्हणाली.

"चहाचं काय न्हाई," आप्पा समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "नकू, त्याला सांग, दारात आलेल्या माणसाला ये म्हणायची रीत असती."

"नकू, त्याला सांग," ओट्यावरून आबा म्हणाले, "आणलेली वस्तू डिकीत ठिवून कुणी पाव्हणा म्हणून येत न्हाई."

दोघांमधलं अंतर एका म्हशीच्या लांबीचं असेल. आत्या मागचं दार उघडून उतरल्या, पदर खोचला आणि डिकीपाशी गेल्या. "महेंद्र, उघड." त्यांनी पांढऱ्या ओढणीत बांधलेलं गाठोडं काखेला मारलं आणि दोघांच्या मधून घरात चालू लागल्या.

"मी काढू दिली न्हाई," आप्पा म्हणाले.

"तू न्हाई काढलीस. मी काढली. वाटणीत मला काय आलं हुतं? चोळीचा खणसुदीक न्हाई. मग माझ्या हातनं निघाली तर कुणाचंच काय जात न्हाई." उंबऱ्यावर त्या थांबल्या. "राजश्री, शिलाई मशीन आन् हितला अर्धा तुकडा करुणाच्या खोलीत हायत न्हवं? तांबडा दोरा दे. आन् दार लावून घेते, लेकरू झोपलंय. कुणी आत येऊ नका."

आप्पा उतरले. आबा खुर्चीवरून उठून आत गेले आणि खुर्ची तशीच ठेवली. आप्पा तिच्यावर बसले. राजश्रीला वाटलं, इथपर्यंत ठीक चाललंय. तिला एवढंच करायचं होतं, की हवालदाराला घरी पोचायच्या आधी गाठायचं.

रात्रपाळीहून आलेला सतीश डोळे चोळत म्हणाला, "मी जातो की फाट्यावर."

"तुम्ही झोपेत कुठंतरी धडकाल. मी जाते."

हायवेला कंपनीच्या बसेसच्या रांगेमागं एक तरुण माणूस पाठीला सॅक लावून ताठ उभा होता. राजश्रीने स्कूटी थांबवली. त्यानं नाव सांगितलं, इंद्रजीत. भोरकडचा. पलटणीत पोरांना पॅराशूटची घडी घालायला शिकवतो म्हणाला. हे ऐकून तिने स्कूटीच बंद केली.

"एक विनंती होती," ती म्हणाली, आणि तिने विनंती फिजिक्सच्या बाईसारखी केली. म्हणजे आधी पार्श्वभूमी, मग समज, मग समजेतली त्रुटी, मग त्रुटीचे सामाजिक परिणाम. मधून ट्रक गेले तेव्हा ती थांबली आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

इंद्रजीतनं शांतपणे ऐकलं. "मॅडम, थोडक्यात, मध्ये भोक हाय त्याबद्दल बोलायचं न्हाई."

"हो. बरोबर. दिसलं तरी."

"दिसलं तरी न्हाई. शब्द दिला. भोकाकडं बघतसुद्धा न्हाई."

राजश्री परत येताना जवळजवळ आनंदात होती. प्रत्येक शक्यता तिने विचारात घेतली होती. निदान तिला तसं वाटत होतं, आणि इतकी वर्षं मुलांना प्रयोग शिकवणाऱ्या बाईनं असं वाटून घेणं बरं नव्हे.

बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढं मेणबत्त्या लागल्या. पांढरी साडी नेसलेली करुणा मुलीला घेऊन बसली. आबा भिंतीच्या एका टोकाला, आप्पा दुसऱ्या टोकाला. मध्ये इंद्रजीत, मांडी घालून, दोघांचं ऐकत.

"बा साहेबांशी मराठीत बोलायचा," आबा सांगत होते.

"नकू, त्याला सांग, बा साहेबांशी बोलायचाच न्हाई. साहेबच बोलायचे," आप्पा म्हणाले.

आत्या अजून करुणाच्या खोलीत होत्या. त्यामुळं हा निरोप कुणीच पोचवला नाही आणि तो हवेत तसाच राहिला.

इंद्रजीतनं विचारलं, "फाळणीत पलटणीची वाटणी झाली, त्याबद्दल काय सांगायचे का?"

"सांगायचा," आबा म्हणाले. "खंदकात शेजारी झेलमचा एक गडी हुता. पाण्याचा एक डबा दोघांत. लढाई संपली आन् माणसं वाटली, तंबू वाटले, जेवायच्या थाळ्या वाटल्या. तो गडी तिकडं गेला. बा म्हणायचा, आम्ही ज्या थाळीत जेवलो ती त्याच्या वाट्याला गेली, ते बरं झालं."

आप्पांनी मान हलवली. "पुढं मग पलटणीनं उड्या मारल्या का न्हाई?" त्यांनी इंद्रजीतला विचारलं.

"मारल्या की. एकाहत्तरला खऱ्याखुऱ्या विमानातनं, खऱ्याखुऱ्या लढाईत."

"आमचा माणूस घरी आल्यावर," सतीश म्हणाला. "तो होता तोवर पलटण जमिनीवरच राहिली." सगळे हसले. आबा आणि आप्पासुद्धा हसले, आणि आपण एकाच गोष्टीला हसतोय हे लक्षात येताच दोघांनी तोंडं फिरवली.

खोलीचं दार उघडलं. नकुशीआत्या तांबडं कापड दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आल्या. महेंद्रनं एक कड धरली, सतीशनं दुसरी, आणि ते खोलीभर पसरलं. उन्हाची तिरीप खिडकीतून येत होती, त्यात सगळ्यांचे चेहरे लालसर झाले. मधोमध जोडाची शिवण अशी सरळ गेली होती की राजश्रीच्या मनात आलं, हिच्यावर पट्टी ठेवून रेघ मारता येईल.

इंद्रजीत गुडघ्यांवर बसला. कड तपासली, दोऱ्या बांधायच्या जागा बोटानं चाचपल्या. तो मध्याकडं बघत नव्हता. शब्द दिला होता. मग कापडावरून फिरता फिरता त्याचा हात मध्यावर आला आणि थांबला. त्यानं खाली बघितलं.

"अरे," तो म्हणाला. "भोक कुठं गेलं?"

ही एकच शक्यता राजश्रीने धरली नव्हती.

मध्यावर जिथं दोन्ही अर्धी भोकं मिळायला हवी होती, तिथं तांबड्या दोऱ्यानं सगळं चुण्या घालून बंद केलेलं होतं.

"लेकराचा पाय अडकायचा त्यात," आत्या म्हणाल्या. "कालपरवा अर्ध्या भोकातनं बाहेर आला हुता न्हवं, करुणा? मग म्हटलं, जोडतेच हाय तर बुजवून टाकावं."

आबा उठून उभे राहिले. आप्पाही उठले.

"म्हाळ्या," आबा म्हणाले, "बघितलंस का हिनं काय केलं?"

"बापाची गोळी बुजवली, दादा," आप्पा म्हणाले. "लढाईतनं आलेलं भोक, आन् हिनं बटाट्याच्या पोत्यावानी शिवून टाकलं."

"हिला कवा कशाचं काय वाटलंय? लहानपणी माझा पतंग..."

"माझा बी. तुझा पतंग चिकटवायची खळ तिनंच खाल्ली हुती."

महेंद्रनं कडेचं कापड सोडलं नाही, पण त्याचं तोंड उघडं राहिलं. करुणानं आईकडं बघितलं. राजश्रीने बोट ओठांवर ठेवलं. दोघा म्हाताऱ्यांच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं.

लक्षात इंद्रजीतच्याही आलं नव्हतं, कारण दोघा भावांचा अबोला त्याला कुणी सांगितला नव्हता. त्याला आपल्या धंद्याची चूक समोर दिसत होती, आणि भोकाबद्दल न बोलायचा शब्द त्याच्या मते भोक असतानाचा होता. "हे उघडायला लागंल आबा," तो म्हणाला. "आत भरलेली हवा वरून निघाली न्हाई, तर छत्री दारू प्यायल्यासारखी डुलते. मी पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. प्रत्येक छत्रीला मध्ये भोक ठेवतातच."

"प्रत्येक?" आप्पांनी विचारलं.

"प्रत्येक. माणसाची असू द्या न्हाईतर सामानाची."

"म्हंजी जपान्यांनी एकूण एक छत्रीच्या मधोमध नेम धरला?" आत्या म्हणाल्या. इंद्रजीतनं राजश्रीकडं बघितलं, आणि आपण काय केलं ते त्याच्या चेहऱ्यावर उशिरानं उमटलं.

आप्पा हळूहळू खाली बसले. कापडावरच बसले. "मग बा खोटं बोलला व्हय?" ते कुणालाच न विचारता म्हणाले. "मी दौंडला साऱ्या स्टेशनात सांगितलंय. महेंद्रच्या लग्नात माइकवर सांगितलंय."

"बा गोळी म्हणालाच न्हाई," आबा म्हणाले.

"म्हणाला असंल."

"आठव. बा एवढंच म्हणायचा, भोक बुजवू नका. आई एकदा ठिगळ लावायला बसली तवा तिच्या हातातनं सुई घेतली हुती. बुजवू नका, म्हणाला. गोळी आपण घातली त्यात."

"तू घातलीस. शाळेत तूच सांगितलंस पोरांना."

"मी? तू सांगत हुतास, गोट्या खेळताना. जपान्याची गोळी म्हणून एक गोटी बी फिरवायचास."

"ती गोटी तू मला दिलीस."

यावर दोघांनी बराच वेळ वाद घातला. तो मोडायची कुणाची छाती झाली नाही. मग आबांनी मान वळवून सुनेकडं बघितलं. "हिनं सांगितलं हुतं. लग्नाच्या वरसाला, पिशव्या सोडून."

"तुम्ही लक्ष दिलं नव्हतं आबा," राजश्री म्हणाली.

"दिलं हुतं. तू कॉलेजला गेल्यावर मी गच्चीवर जाऊन दोन्ही पिशव्या पुन्हा सोडल्या. चारदा सोडल्या. बिनभोकाची शेजारच्या गोठ्यात गेली, ती आणायला गेलो तर म्हशीनं ढुशी दिली."

"मंग बोलला का न्हाईस?" आप्पांनी विचारलं.

आबा त्यांच्या शेजारी कापडावर बसले. बसताना गुडघ्यावर हात द्यावा लागला. "कुणाला बोलू? गोळी दोघांची हुती. मी एकट्यानंच कशी सोडू? आन् ज्याला सांगायचं त्याच्याशी बोलणं कुठं हुतं?"

आप्पा तांबड्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. आपल्या वाट्याची बाजू कुठली, ते त्यांना आता ओळखू येत नसावं. राजश्रीलासुद्धा ते सांगता आलं नसतं, आणि तिने तर मोजलं होतं.

"म्हंजी," आप्पा शेवटी म्हणाले, "आपण बिनगोळीच्या भोकासाठी भांडलो."

"आन् त्यातबी तुझ्याकडं जास्त गेलं हुतं," आबा म्हणाले. "हिनं मोजलंय."

"किती जास्त?"

राजश्रीने अंगठ्याच्या नखावर बोट ठेवून तेवढं माप दाखवलं. आप्पांनी त्याच्याकडं बघितलं, मान हलवली आणि हसायला लागले. त्यांना बघून आबाही. दोघांनाही हसताना खोकला आला. सतीश पाणी आणायला धावला.

"उघड आता ते," आबा म्हणाले.

"तू मोठा. तू उघड."

"मला दोरा दिसत न्हाई. तू उघड."

करुणानं कात्री पुढं केली. तिची गरज पडली नाही. आप्पांनी चुण्यांत एक टोक शोधलं, चिमटीत धरून ओढलं, आणि सगळा दोरा एका झटक्यात सळसळत बाहेर आला. चुण्या पसरल्या. भोक होतं तसं गोल उघडलं, आणि त्यातून खालच्या सतरंजीचा निळा चौकडा दिसू लागला.

ओट्यावरच्या पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला झोळी बांधली. करुणानं मुलीला आत ठेवलं, बौद्धाचार्यांनी सगळ्यांच्या संमतीनं संघमित्रा हे नाव सांगितलं, आणि पुढच्या पाचच मिनिटांत संघमित्राचा पाय भोकातून बाहेर आला. इंद्रजीतनं दोघा म्हाताऱ्यांना मध्ये उभं करून त्या पायासकट फोटो काढला. झोळीला भोक असल्यानसल्यानं हेलकाव्यात काहीही फरक पडत नाही, हे राजश्रीला स्पष्ट दिसत होतं. झोळी ही हवेत पडणारी वस्तू नव्हे. आयुष्यात एकदा तिने ते मनातच ठेवलं.

"साहेब म्हणत होते," इंद्रजीत जरा अडखळत म्हणाला, "तुमची इच्छा असली, तर पलटणीला..."

"न्हाई," आबा आणि आप्पा एकदमच म्हणाले.

"झोळी रिकामी झाली की कळवतो," आबांनी पुढं जोडलं. "हिच्यामागं महेंद्रच्या पोरीचं बाळंतपण बी हाय यंदा."

"ते मंग दौंडला व्हईल," आप्पा म्हणाले. "नकू, त्याला सांग, दिवाळीच्या आत झोळी दौंडला पोचली पायजे."

"मी हितंच बसलोय की," आबा म्हणाले. "मला सांग."

आप्पा गडबडले. मग मान वळवून त्यांनी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून आबांना सांगितलं. आबा म्हणाले, बघू. आणि दिवाळीच्या आधी की नंतर, यावर नवं भांडण सुरू झालं, मधे कुणी नसलेलं.

पानं वाढायला घेतली होती. राजश्री पुऱ्यांची परात घेऊन जाताना तो तांबडा दोरा तिच्या पायात आला. तिने उचलला. सवयीनं बघितला. जोडाची शिवण आत्यांनी मशीनवर दुहेरी घातली होती, ती फाडायची म्हटली तर कापड फाटलं असतं. भोकाला मात्र हातानं घातलेले लांब लांब कच्चे टाके होते. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना गाठ नव्हती.

आत्या दाराशी पाटावर बसल्या होत्या, पाय पसरून, कुणाचाच निरोप नसलेल्या.

"आत्या," राजश्री हळू आवाजात म्हणाली, "गाठ मारायची राहिली होती तुमची."

"व्हय का?" आत्यांनी तिच्या हातातला दोरा घेतला आणि बोटाला गुंडाळत पुन्हा रिळावर चढवू लागल्या. "म्हातारं माणूस, राहून जातं. मला आधी वाढ बाई. बत्तीस वरसं दोघांचं बोलून बोलून तोंड दुखतंय माझं."